भिंतीलगतचा आंबा

आसनगावात आता झाडाला पडायला जागा उरलेली नाही. पूर्वी स्टेशनवरून शहापूरकडे निघालं की दोन्ही अंगांना भातखाचरं, बांधावर आंबा, चिंच, मोह, ऐन आणि मागे माहुलीचे सुळके. वादळात एखादं झाड आडवं झालंच तर खाचरात पडायचं. मालक सकाळी कुऱ्हाड घेऊन यायचा आणि घरात वर्षभराचं सरपण व्हायचं. आता कल्याण-डोंबिवलीत घर परवडत नाही म्हणून माणसं इथवर येतात, खाचरं भरून इमारती उभ्या राहतात. ज्या आंब्याचा फोटो जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' या ओळीखाली छापला जातो, तोच आंबा चार-पाच वर्षांत सोसायटीच्या सभेत विषयपत्रिकेवर येतो : धोकादायक झाड तोडण्याबाबत.

मी वीज कंपनीत लाइनमन होतो. शहापूर आणि मुरबाडच्या रानांतून गेलेल्या तारांखाली माझी नोकरी गेली. पावसाळ्याआधी तारांच्या अंगावर आलेल्या फांद्या छाटायच्या आणि पावसाळ्यात तारांवर पडलेली झाडं काढायची, हे निम्मं काम. त्यामुळे आसपास कुठे झाड काढायचं ठरलं की "वायरमन काका, जरा बघून जा ना" असा निरोप येतो. पैसे कुणी विचारत नाही, चहा मात्र मिळतो.

गेल्या फाल्गुनात असाच एक आंबा बघायला गेलो. पश्चिमेला चार मीटरवर तीन मजली इमारत, पूर्वेला सहा मीटरवर जुनं कौलारू घर. उत्तरेला नऊ मीटरवर रस्ता, त्याच्या कडेने विजेची लाइन. दक्षिणेला इमारतीच्या शौचालयाची टाकी, त्यावर काँक्रीटची स्लॅब आणि स्लॅबवर मुलांच्या सायकली. झाडाची उंची काठीने मोजली. ही रीत कुणालाही जमते : हाताच्या लांबीएवढी काठी मुठीत उभी धरायची, हात डोळ्यांसमोर ताठ ठेवायचा आणि मागे सरकत जायचं. मूठ बुंध्याच्या तळाशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबायचं. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. आंबा भरला चौदा मीटर. म्हणजे चारी दिशांपैकी एकाही दिशेला तो अख्खा पाडता येणार नव्हता. गणित इथेच संपायला हवं होतं.

पण माझ्याआधी एक कटरवाला येऊन भाव सांगून गेला होता. "ट्रॅक्टर लावू, दोर टाकू, सरळ रस्त्यावर आणतो. अर्ध्या तासाचं काम आहे. लाकूड आमचं." सोसायटीच्या मंडळींना तो भाव फार आवडला होता. मी त्यांना एवढंच विचारलं, की त्याचा दोर किती लांब? बारा मीटर, असं कुणीतरी सांगितलं. झाड चौदा मीटर आणि ओढणारा बारा मीटरवर. म्हणजे त्याची योजना अगदी ठरल्याप्रमाणे पार पडली, तरी झाड ट्रॅक्टरवाल्याच्याच डोक्यावर येणार.

दोराबद्दल लोकांचा फार मोठा गैरसमज आहे. दोर बांधला की झाड आपल्या ताब्यात, असं वाटतं. चौदा मीटरचं ओलं झाड एकदा कलंडायला लागलं की दहा माणसं दोराला लटकली तरी त्याला थांबवू शकत नाहीत. दोर दिशा द्यायला मदत करतो, तीही झाडाचा स्वतःचा कल त्याच बाजूला असेल तर. शिवाय तो उंचावर बांधला तर उपयोग. बुंध्याच्या छातीएवढ्या उंचीवर दोर गुंडाळून ओढणारे मी इतके पाहिलेत की आता हसूही येत नाही.

या आंब्याचा कल पूर्वेकडे, कौलारू घराकडे होता. का, ते शोधायला वेळ लागला नाही. इमारत बांधताना परांचीच्या आड येतात म्हणून पश्चिमेकडच्या फांद्या बुंध्यालगत छाटलेल्या होत्या. जखमा अजून उघड्या होत्या, एकीत ढोली झालेली. सगळा भार पूर्वेला राहिला. त्यातच पाया खणताना पश्चिमेकडची मुळं तुटली. एका बाजूला झुकलेल्या झाडाला जमिनीत धरून ठेवण्याचं मोठं काम विरुद्ध बाजूची मुळं करतात, कारण ताण त्यांच्यावर येतो. म्हणजे पूर्वेला झुकलेल्या आंब्याची नेमकी पश्चिमेची मुळं गेली होती. झाड आधीपासून धोकादायक नव्हतं, त्याला तसं करून ठेवलं होतं. आणि ज्यांच्या पायासाठी ते झालं त्या इमारतीला त्याचा धोका सगळ्यात कमी होता. धोका होता कौलारू घरातल्या आजींना, ज्यांना सभेचं बोलावणंही नव्हतं.

झाड इमारतीजवळ आहे एवढ्यावरून ते तोडायचं असं मी कधीच म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी सुकलेल्या फांद्या काढल्या, बांडगूळ उतरवलं, एका बाजूचा भार थोडा हलका केला की झाड पुढची कित्येक वर्षं उभं राहतं. पण आतून काय चाललंय ते बघावं लागतं. बुंध्यावर हातोडीने ठोकत फिरायचं. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, पोकळ जागेचा वेगळा. तळाशी भुसा पडलेला असेल आणि सालीत भोकं असतील तर आंब्याचा खोडकिडा आत शिरलेला. बुंध्याला कडक छत्र्या फुटल्या असतील तर आत कुजणं सुरू झालेलं. झुकलेल्या बाजूच्या उलट अंगाला माती उचलली गेली किंवा भेग पडली, तर मग थांबायचं नाही. या आंब्याला भुसा होता, पोकळ आवाज होता आणि पश्चिमेला बोटभर रुंद भेग होती.

बाहेरून सगळं कळतंच असं नाही. जुलै २०१७मध्ये चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या दूरदर्शनच्या एका माजी निवेदिकेवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते झाड तोडावं म्हणून रहिवाशांनी आधी अर्ज केलेला होता. पाहणीत झाड सुस्थितीत असल्याचं ठरलं होतं. दुसरी आठवण अकोला जिल्ह्यातल्या पारसची. ९ एप्रिल २०२३च्या संध्याकाळी वादळी पाऊस आला म्हणून बाबूजी महाराज संस्थानाच्या आवारात भाविक पत्र्याच्या शेडखाली गोळा झाले. शेजारचा जुना कडुनिंब त्या शेडवर कोसळला. सात माणसं गेली. पत्र्याचं छप्पर पावसापासून वाचवतं, झाडापासून नाही. आमच्याकडे घरामागची न्हाणी, गोठा, चाळीचा व्हरांडा सगळं पत्र्याखाली असतं आणि वळिवाचा पाऊस आला की माणसं तिथेच धावतात.

म्हणून हे काम पावसाच्या तोंडावर काढायचं नसतं. पण लोक नेमकं तसंच करतात, आणि आंब्याच्या बाबतीत त्याला एक गोड कारण असतं. माघात मोहोर दिसतो, मग "आता मोहोर आलाय, कशाला?" मग कैऱ्या, मग पाडाचे आंबे. आंबे उतरवून होईपर्यंत मृग आलेला. साल निसरडी, वारा कधी कुठून येईल याचा नेम नाही, आणि पानांवर पाण्याचं वजन. शहापुरात पाऊस दोन-अडीच हजार मिलिमीटर पडतो. त्या पावसात झाडावर चढलेल्या माणसाची दया येते.

सोसायटीला फाल्गुनातच काम उरकायला लावलं, पण आधी कागद. आसनगाव ग्रामपंचायतीत आहे. महापालिका, नगरपालिकांच्या हद्दीत १९७५चा शहरी झाडांचा कायदा चालतो, २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडांना त्यात वेगळं संरक्षण आहे. गावाकडे १९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायदा. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, हिरडा, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडं आहेत. ती आपल्या जागेत असली, आपण लावलेली असली, तरी वन खात्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जिवाला किंवा मालमत्तेला धोका हे परवानगी मागण्याचं रास्त कारण आहे, पण ते अर्जात लिहावं लागतं आणि अधिकाऱ्याने येऊन बघावं लागतं. आदिवासी खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांच्या विक्रीला १९६९चा आणखी एक कायदा आहे, आणि आमच्या तालुक्यात तो रोजच्या व्यवहारातला आहे. सुबाभूळ, गुलमोहर या अनुसूचीत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं कुठलंच झाड नाही.

इथे सोसायटीचं घोडं वेगळ्याच जागी अडलं. जमीन अजून सोसायटीच्या नावावर झालेली नव्हती. सातबारा मूळ मालकाच्या नावे. म्हणजे झाड कुणाचं? धोका सोसायटीच्या सभेत ठरला, घर आजींचं आणि अर्ज करायचा तिसऱ्यानेच. मूळ मालक भला माणूस निघाला, त्याने सही दिली. नसती दिली तर? ज्या इमारतींचं अभिहस्तांतरण राहिलंय त्यांनी झाड पडायची वाट बघण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

आता वीज. हा माझा प्रांत, तेव्हा जरा सविस्तर.

आंब्याच्या पूर्वेकडच्या फांद्यांखालून खांबावरून आजींच्या घराला गेलेली सर्व्हिस वायर होती, आणि रस्त्याकडेला उच्चदाबाची लाइन. ओली फांदी वीज वाहून नेते. लाकूड वीजवाहक नाही हे शाळेत शिकतो, ते कोरड्या पट्टीबद्दल. तारेवर टेकलेली ओली फांदी, तिला धरलेला माणूस आणि त्याच्या हातातली भिजलेली दोरी, हे सगळं मिळून जमिनीपर्यंत वाट तयार होते. म्हणून लाइन बंद करून घ्यायची, आणि तीही महावितरणकडे रीतसर अर्ज करून. खांबावर चढून फ्यूज काढणारा ओळखीचा पोरगा चालत नाही. "लाइट गेलीय काका, करा सुरू" या वाक्याइतकं भीतीदायक वाक्य मी नोकरीत ऐकलेलं नाही. गेलीय म्हणजे कधीही येईल. बंद केलेली लाइन म्हणजे स्विच उघडलेला, दोन्ही बाजूंना अर्थिंगची साखळी टाकलेली आणि परमिट कामावरच्या माणसाच्या हातात. हे तिन्ही नसेल तर ती तार जिवंत समजायची.

त्यातही एक चोरवाट आहे. हल्ली घरोघरी इन्व्हर्टर, इमारतींना जनरेटर. जोडणी चुकीची असेल तर घरातली वीज उलटी तारेत शिरते, आणि रोहित्रातून मागे गेली तर तिथे २३० व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात. साखळी टाकायची ती यासाठी. काम चालू असताना तार तुटून जमिनीवर पडलीच, तर जवळच्या माणसाने पळत सुटायचं नाही. तारेपासून दूर जाताना जमिनीतला दाब पावलागणिक उतरत जातो, मोठी ढांग टाकली की दोन पायांत फरक पडतो आणि वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत लांब जायचं. रेल्वेच्या हद्दीलगत झाड असेल तर तिथे वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट आहेत. तिथे रेल्वेला कळवल्याशिवाय कुणी कोयतासुद्धा उचलू नये.

काम केलं ते मुरबाडकडच्या एका ठाकूर दादाने आणि त्याच्या दोन भावांनी. अर्ध्या तासाच्या भावाच्या जवळजवळ चौपट पैसे घेतले आणि अख्खा दिवस लावला. आल्याआल्या त्याने झाडाला हात लावला नाही. आधी जमीन बघितली. शौचालयाच्या टाकीची स्लॅब किती जाड, विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. मग तिच्याभोवती दोर बांधून "इकडे काही टाकायचं नाही" असं भावांना सांगितलं. सायकली हलवल्या, आजींना आणि त्यांच्या शेळीला पलीकडच्या घरी नेलं, पूर्वेकडच्या खोल्या रिकाम्या केल्या. झाडाखाली जुने टायर आणि पहिल्या छाटलेल्या बारीक फांद्यांचा थर घातला. मला त्याच वेळी कळलं की हा माणूस वजनाचा विचार करतोय.

ओल्या लाकडाचं वजन ढोबळमानाने पाण्याएवढं धरायचं. एक फूट जाडीची, तीन मीटर लांब फांदी म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास, पानं वेगळी. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट होतं, हे डोळ्याला कळत नाही. आणि हे स्थिर वजन झालं. पन्नास किलोचा ओंडका सहा मीटर मोकळा पडून दोरावर आला आणि दोराने त्याला एका मीटरात थांबवला, तर दोरावर साडेतीनशे किलोची ओढ बसते. कापडाच्या गठ्ठ्यांचे पिवळे-निळे दोर तिथे तुटतात. तुटला नाही तर ज्या फांदीला बांधला ती मोडते, आणि त्याच फांदीला वरचा माणूस टेकलेला असतो.

म्हणून दादाने कुठलाच तुकडा मोकळा पडू दिला नाही. दोर वरच्या भक्कम बेचक्यातून घेतला, खाली बुंध्याला तीन वेढे दिले आणि टोक धाकट्या भावाच्या हातात. वेढ्यांच्या घर्षणामुळे एकटा पोरगा दोनशे किलो सावकाश सोडू शकत होता. फांदी कापताना आधी खालून थोडा काप, मग वरून. नुसतं वरून कापलं तर फांदी वाकते, साल खालपर्यंत सोलत जाते आणि फांदी झोका घेऊन कापणाऱ्याच्या छातीवर येते. दादा स्वतः वेगळ्या दोराने, दोन ठिकाणी बांधलेला. शिट्टी एकदा म्हणजे थांब, दोनदा म्हणजे सोड. मशीन चालू असताना आरोळ्या कुणाला ऐकू येत नाहीत. डोक्यावर हेल्मेट होतं, जे आमच्याकडच्या बहुतेक कटरवाल्यांकडे नसतं. अमेरिकेत लाकूडतोड हा सर्वांत जीवघेण्या व्यवसायांमध्ये वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर आहे, आणि तिथे कायदे, प्रशिक्षण, विमा सगळं आहे. इथे मशीन विकत घेतलं की माणूस तज्ज्ञ होतो.

दुपारी फक्त बुंधा उरला, साडेचार मीटरचा. वरचा दीड मीटर त्याने हातभर लांबीच्या तुकड्यांत उतरवला. साठ सेंटिमीटर जाडीचा तसा एकेक तुकडा सव्वाशे किलोच्या वर भरत होता. खालचे तीन मीटर मात्र उत्तरेच्या मोकळ्या जागेत अख्खे पाडले. पडायच्या बाजूला जाडीच्या पाव हिश्श्याएवढं तोंड केलं, मग मागून, थोडं वरच्या अंगाने कापत आणलं आणि मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी पट्टी न कापता सोडली. ती पट्टी दाराच्या बिजागरीसारखं काम करते, झाड तिच्यावर फिरून ठरल्या बाजूला जातं. ती पूर्ण कापली की झाड कुठेही जातं. झाड झुकलेलं असेल आणि मागून घाईने कापलं, तर बुंधा उभा चिरतो आणि मागचा भाग वर उसळून माणसाला लागतो. आणि बुंधा पोकळ असेल तर ती पट्टी धरतच नाही. आमच्या आंब्यात तळापासून दीड हातावर डोकं मावेल एवढी पोकळी निघाली. चौदा मीटर अख्खं पाडायला गेलो असतो तर बिजागरी तिथेच फाटली असती.

नुकसान झालं ते सहा कौलांचं, एका फांदीच्या झोक्याने. आजी कौलांवरून जास्त रागावल्या, कारण तशा जुन्या छापाची मंगळुरी कौलं आता मिळत नाहीत. ती कुणी भरून द्यायची हे काम सुरू करण्याआधी लेखी ठरलेलं होतं, म्हणून भांडण झालं नाही. शहापूरला पाडलेल्या एका घराची कौलं शोधून आणली. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र दादाने कुणाला पाय ठेवू दिला नाही. फांद्या गोळा करायला पत्र्यावर चढलेला माणूस पत्र्यासकट खाली येतो, झाड सुखरूप उतरल्यावर.

जेसीबी लावून खोडकं उपटावं अशी सूचना संध्याकाळी आली. इमारतीच्या पायापासून चार मीटरवर मुळं उपटायची म्हणजे पायाखालची माती मोकळी करायची. खोडकं जमिनीलगत कापून तसंच ठेवलं. वाळवी लागेल, कुजेल, काही वर्षांनी तिथे थोडा खड्डा पडेल, तो मुरूम टाकून भरता येतो. आमच्याकडे मुरमाड जमीन, त्यामुळे फार चिंता नव्हती. काळ्या चिकट मातीत मोठं झाड काढलं की ते रोज शोषत होतं ते पाणी जमिनीतच राहतं, माती फुगते आणि हलक्या पायाच्या भिंतींना तडे जाऊ शकतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं.

लाकूड महिनाभर तिथेच पडून होतं. तोडायची परवानगी वेगळी आणि लाकूड वाहून न्यायचं निराळं, हे सोसायटीला तेव्हा कळलं. वखारवाल्याने कागद मागितले, कागद आले, टेम्पो आला.

आता त्याच आवारातल्या जांभळाबद्दल मला निरोप आलाय. जाऊन बघितलं. बुंधा भरीव, कल नाही, मुळं शाबूत, बांडगूळ थोडं आहे ते काढता येईल. शिवाय शेजारचा आंबा गेल्यामुळे त्याच्यावर आता थेट वारा येणार, म्हणून पावसाळ्याआधी शेंड्याचा भार थोडा कमी करायला सांगितलाय. तक्रार विचारली तर कळलं, की जांभळं गाड्यांवर पडतात आणि डाग जात नाहीत. गाड्या जूनभर रस्त्याच्या बाजूला लावा, असं सांगून मी चहा न घेता परत आलो.